सह्याद्रीत भटकायला शिकताना विचारायचं कुणाला?

डोंगरात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला सल्ला देणारे साधारण तिघे भेटतात: पायथ्याच्या गावातला वाटाड्या, गिर्यारोहण संस्थेतला मुरलेला भटक्या आणि शनिवार-रविवारी पैसे घेऊन ट्रेक नेणारा आयोजक. डोंगर तिघांनाही माहीत असतो. शिकवणं मात्र तिघांना सारखं जमत नाही, आणि निवड करताना मी तेच आधी बघतो.

हरिश्चंद्रगडाचंच घ्या. नळीची वाट ही त्याच्या अवघड वाटांपैकी एक. 'नळीच्या वाटेने जाऊ का?' असं संस्थेतल्या माणसाला विचारलंत तर तो आधी तुम्हालाच प्रश्न करेल. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावरून, कधी उतरलायत का, कातळटप्प्यावर पाय लटपटतात का, सोबत दोर लावणारं कोण आहे. मग म्हणेल, आधी पाचनईहून सोप्या वाटेने जा, पुढे खिरेश्वर-टोलार खिंडीची वाट करा, नळी नंतर. आणि का, तेही सांगेल: धोंड्यांनी भरलेल्या त्या नाळेतून अर्ध्यावरून माघारी फिरणं चढण्याहून अवघड असतं. हेच वाटाड्याला विचाराल तर तो म्हणेल, 'जाऊ की, मी हाये ना!' तो खोटं बोलत नाही. त्याच्या पायांना ती वाट खरंच सोपी आहे. त्याच्या अर्ध्या तासाचा तुम्ही दीड तास धरा.

पण डोंगराची आजची खबर फक्त त्याच्याकडे असते. यंदाच्या पावसात दरड कुठे आली, कुठल्या टाक्यातलं पाणी अजून पिण्याजोगं आहे, कुठल्या कड्याला आग्यामोहोळ लागलंय. टोलार खिंडीच्या वरचा टेकड्यांचा भाग धुक्यात भल्याभल्यांना चकवतो, तिथे त्याच्यासारखा सोबती नाही. म्हणून जाणते भटकेही गावात थांबून विचारपूस करतात. फक्त 'वर पाणी आहे का?' असं मोघम विचारू नका. 'तुम्ही शेवटचे वर कधी गेला होता, कुठल्या टाक्याचं पाणी प्यायलात?' असं विचारा. निघण्याआधीच त्याचे पैसे ठरवा, आणि घासाघीस करू नका.

आयोजकाबद्दल थोडक्यात. गाडी, नाश्ता, सोबत, सगळं मिळतं, आणि डोंगर आवडतो का हे बघायला तेवढं पुरे. मात्र चाळीस जणांच्या रांगेत वाट शोधायला कुणी शिकत नाही, पुढच्याच्या पाठीमागे चालतो. लीडरमागे किती माणसं असतील, हे पैसे भरण्याआधी विचाराच.

थेट उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करावा का? कोर्स उत्तमच, पण तिथला बराच भर बर्फावर असतो. आपला ठिसूळ घसारा आणि कारवीच्या झुडपांत हरवलेली ढोरवाट इथेच शिकावी लागते.

त्यामुळे माझा कौल संस्थेला. पुण्यात गिरिप्रेमी, मुलुंडला चक्रम हायकर्स, नाशिकला वैनतेय अशा जुन्या संस्था आहेत. तिथे चूक लगेच दाखवतात, पुढच्या वेळी तुम्हालाच पुढे चालायला लावतात.

गावात संस्था नसेल, तर हिवाळ्यात एकच सोपा किल्ला त्याच वाटाड्याबरोबर दोनदा करा. पहिल्यांदा तो पुढे. दुसऱ्यांदा तुम्ही पुढे, तो मागे. चुकलात की मगच त्याने हाक मारायची, असं आधीच सांगून ठेवा.