झेल्डाची कढई: मिरची आणि कलिंगड एकत्र टाकू नका

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) या झेल्डा मालिकेतल्या व्हिडिओ गेममधला स्वयंपाक सोपा, पण खोडकर. जास्तीत जास्त पाच जिन्नस हातात घ्यायचे आणि पेटत्या कढईत सोडायचे. आग विझली असेल तर मोळीशेजारी गारगोटी ठेवून लोखंडी हत्याराने ठोका. कच्चं सफरचंद अर्धं हृदय (गेममधलं जीव मोजायचं माप) भरतं, शिजवलेलं पूर्ण एक. तिखट मिरचीने थंडी सोसते, हायड्रोमेलन या कलिंगडाने ऊन; मे महिन्यातला सोलापूरकर काय उचलेल हे सांगायला नको. दोन्ही मिसळले की गुण गायब, उरतं नुसतं जेवण. राक्षसाचं शिंग भाजीत पडलं तर पदार्थ वायाच. ते किडा-बेडकाबरोबर काढ्याला ठेवा. खटकतं एकच, पाककृतींची वही नाही. ती २०२३ च्या पुढच्या भागात आली.