पाच एचपीची टोपी

तुर्भ्याच्या गाळ्यांमधून "कस्टमच्या लिलावातला माल" म्हणून कुणी बोटीच्या मागे बाहेरून लावायची आऊटबोर्ड मोटर स्वस्तात देत असेल, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. आमचे ४२,००० रुपये गेले आणि हातात आलं ते गवत कापायच्या मशीनचं इंजिन. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण त्याची पद्धत लिहिता येते आणि ती लिहिण्यासारखी आहे, कारण हा माणूस सरसकट खोटं बोलत नाही. त्याची बहुतेक वाक्यं खरी असतात. फक्त ती दुसऱ्याच मोटरबद्दल खरी असतात.

मेव्हण्याकडे पावणेतीन मीटरची हवा भरायची बोट आहे. पीव्हीसीची, मागे मोटर लावायला प्लायची फळी, फळीवरच्या पट्टीवर कमाल ६ एचपी असं छापलेलं. आम्ही दोघं बेलापूर-पनवेल खाडीत जिताडा माशाच्या मागे असतो. भांगाच्या दिवसांत, भरतीचा जोर कमी असतो तेव्हा, वल्ह्यांवर भागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि ते सगळं पाणी सहा तासांत खाडीतून बाहेर पडायला बघतं. त्या ओढीविरुद्ध वल्ही मारताना काठावरचं तिवराचं झाड बराच वेळ तेच दिसत राहतं.

तळ्यात किंवा संथ पाण्यात एवढ्या बोटीला दोन-अडीच एचपी पुष्कळ झाली. ५ एचपीनेही दोन माणसं बसलेली बोट पाण्यावर उचलून पळत नाही, त्याला आठ-दहा तरी लागते. आम्हाला पळायचं नव्हतं. ओहोटी लागल्यावर जेट्टीला परत येता यावं, एवढाच हिशेब होता. म्हणून ५.

नवी मोटर अधिकृत डीलरकडे विचारली तर आकडा लाखाच्या बराच वर. मग ती जाहिरात दिसली: "५ एचपी टू-स्ट्रोक, जपान ओरिजिनल, कस्टम ऑक्शन, बॉक्स पीस." नवी मुंबईत ही गोष्ट पटकन खपते, कारण न्हावाशेवा बंदर दाराशी आहे आणि प्रत्येकाच्या ओळखीत एखादा तरी क्लिअरिंगवाला असतोच. कंटेनर कुणी सोडवला नाही, माल लिलावात निघाला, आमच्या माणसाने उचलला. असे लिलाव होतात, हे खरंच आहे. पण ते ऑनलाइन होतात, लॉटला नंबर असतो आणि माल उचलणाऱ्याकडे त्याचे कागद असतात. आम्ही कागद मागितले तेव्हा ते "पार्टनरकडे वाशीला" होते. पार्टनर त्या दिवशी फोन उचलत नव्हता.

गाळ्यात एक निळं पिंप, त्यात अर्ध्याच्या वर पाणी, काठाला मोटर अडकवलेली. वर इंजिन झाकणारी चकचकीत टोपी, टोपीवर नामांकित जपानी कंपनीचं नाव आणि मोठा ५. दोरी ओढली, पहिल्याच झटक्यात चालू. पाणी उसळून पार बाहेर आलं, गाळाभर धूर झाला. समोरच्याला वाटतं, केवढी ही ताकद! पिंपातली ही चाचणी इंजिन चालू होतं एवढंच दाखवते. पिंपात पंखा तेच तेच फेसाळलेलं पाणी घुसळत बसतो. बोट, माणसं आणि ओढ यांचं वजन त्याच्यावर येतच नाही. दीड एचपीचं इंजिनसुद्धा पिंपात राक्षसासारखं वागतं.

मेव्हण्याने बरंच वाचलेलं होतं. त्याने विचारलं, "बाजूने पाण्याची धार का येत नाही?" आऊटबोर्डचं इंजिन सहसा बाहेरचंच पाणी आत ओढून थंड होतं, आणि पंप चालू आहे हे कळावं म्हणून त्यातली एक बारीक धार बाहेर पडत राहते. ती नसली तर काहीतरी बिघडलं आहे. उत्तर आलं, "दादा, ही एअर कूल्ड आहे. पंपाच्या इम्पेलरची कटकटच नाही. होंडाची पण येते एअर कूल्ड."

येते. होंडाची २.३ एचपीची छोटी मोटर हवेवर थंड होते, ५७ सीसीची, चांगली मोटर आहे. पण ती २.३ आहे.

"गिअरचा दांडा कुठे आहे?" "छोट्या मोटरला नसतो, रेस दिली की क्लच आपोआप पकडतो. रिव्हर्सला अख्खी मोटर फिरवायची." हेही खरं, पुन्हा त्याच २.३ बद्दल. ५ एचपीच्या नेहमीच्या मोटरींना पुढे, न्यूट्रल आणि मागे असा गिअर असतो.

"एवढी हलकी कशी?" "टू-स्ट्रोक आहे ना! फोर-स्ट्रोक जड असते." खरं आहे. होंडाची ५ एचपी फोर-स्ट्रोक १२७ सीसीची, तोहात्सू या दुसऱ्या जपानी कंपनीची १२३ सीसीची, दोन्ही पंचवीस किलोच्या वरच्या. टू-स्ट्रोक त्याहून हलकी असते. पण ५ एचपीची टू-स्ट्रोक झाली तरी शंभर सीसीच्या आसपास आणि वीस किलोच्या आसपास. हा दुसरा अर्धा भाग तो बोलत नाही.

हा सगळा बनाव काहीच न वाचलेल्या गिऱ्हाइकासाठी नसतोच. तसं गिऱ्हाईक धार विचारत नाही, गिअर विचारत नाही. हा वाचून आलेल्यासाठी आहे. प्रत्येक उत्तराला आपल्या वाचनात कुठेतरी दुजोरा मिळतो, आणि मिळालेला दुजोरा अडीच एचपीच्या मोटरचा आहे हे त्या धुरात सुचत नाही. त्यात मधेच फोन वाजतो, "हां, नाशिकवाले, निघालात का?" नाशिकवाले खरे होते की गाळ्यातलाच पोऱ्या मागून फोन लावत होता, देव जाणे. टोकन यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर, बाकी रोख. बिल मागितलं तर तेही लगेच दिलं, जीएसटी नंबरासकट. सोबत तेलाची एक बाटली फुकट.

पाण्यात काय झालं ते थोडक्यात सांगतो. जाताना ओहोटीबरोबर मजेत गेलो. परत फिरलो तेव्हा पूर्ण रेसवरही काठावरची झाडं जेमतेम मागे सरकत होती. मग टोपीखालून जळका वास आला, इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं. हवेवर थंड होणारं इंजिन बंद टोपीत कोंडलं तर दुसरं काय होणार! नांगर टाकून बसलो. दिवाळे गावच्या एका होडीने ओढून आणलं आणि पैसे घेतले नाहीत. लाइफ जॅकेट दोघांच्या अंगात होती, म्हणून घरच्यांना हे सांगता तरी आलं.

दिवाळे गावच्या जेट्टीवर एक काका मच्छीमारांच्या आऊटबोर्ड मोटरी दुरुस्त करतात. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं आणि हसायलाच लागले. "यो तं गवत कापाचा इंजिन हाय! याला बोटीला कोनी लावला?" मग मासळीच्या काट्यावर ठेवलं. दहा किलोसुद्धा भरलं नाही. सिलिंडरवरची धूळ पुसली तर खाली ठसा होता, १ई४४एफ-५. चव्वेचाळीस मिलिमीटर बोअरचं, बावन्न सीसीच्या आसपासचं हे चिनी बनावटीचं इंजिन शेती अवजारांच्या दुकानात पाठीवरच्या नाहीतर खांद्यावरच्या ग्रासकटरवर सर्रास मिळतं. ताकद फार तर दोन एचपी. त्याला खालून दांडा आणि पंखा जोडलेला. अशा मोटरी दोन एचपीच्या म्हणून, स्वतःच्या नावाने विकल्या तर त्यात फसवणूक काही नाही, संथ तळ्यात त्या चालतातही. इथे टोपी दुसऱ्याची, आकडा तिसऱ्याचा आणि किंमत चौथ्याची होती.

फुकट दिलेली ती तेलाची बाटलीही काकांनी हातात फिरवून बघितली. दुचाकीचं साधं टू-टी. विकणाऱ्याने पेट्रोलमध्ये पंचवीसास एक मिसळायला सांगितलं होतं. पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ खुणेचं वेगळं तेल लागतं आणि हल्ली प्रमाण बहुधा पन्नासास एक असतं. पंचवीसास एक हे ग्रासकटरच्या पुस्तिकेतलं प्रमाण.

वजनाच्या काट्यालाही सगळं कळत नाही, हेही काकांकडूनच समजलं. तोहात्सूच्या ४, ५ आणि ६ एचपीच्या फोर-स्ट्रोक मोटरींचं इंजिन एकच, १२३ सीसीचं. तिथे फक्त स्टिकर बदलला तर वजन, आकार सगळं जुळतं. अशा वेळी फळीला आवळायच्या ब्रॅकेटवरची पट्टी बघायची. मॉडेल आणि सीरियल नंबर तिथे असतो, आणि तो कंपनीच्या डीलरला विचारता येतो. पट्टी उपटलेली असेल, नंबर घासलेला असेल, तर ती मोटर चोरीचीही असू शकते. आमच्या ब्रॅकेटवर पट्टी नव्हतीच, नुसती दोन रिव्हेटची भोकं. जुनी मोटर घेणाऱ्यांना त्यांनी आणखी एक सांगितलं: खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल करून तेल बघा. दुधासारखं पांढरट असेल तर सील गेलं आहे आणि आत पाणी शिरलं आहे. विकणारा स्क्रूला हात लावू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

पण खरी मजा बिलात होती. मेव्हण्याची बायको अकाउंट्सचं काम करते. तिने बिल हातात घेतलं आणि मोटरकडे ढुंकूनही न बघता म्हणाली, "हा एचएसएन तर हातातल्या टूलचा आहे." एचएसएन म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा बिलावरचा कोड. आमच्या बिलावर ८४६७ होतं. म्हणजे हातात धरून चालवायची मशीनवाली अवजारं, ग्रासकटर त्यातच येतो. आऊटबोर्ड मोटर ८४०७ मध्ये येते, नेमका उपगट ८४०७ २१. बहुधा मूळ मालाच्या बिलावरून याने कोड तसाच उतरवला आणि वर नाव तेवढं बदललं. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर शोधता येतो. तिथे नोंदणी रद्द झालेली दिसली. हे सगळं फोनवर दोन मिनिटांत होतं, गाळ्यात उभ्या उभ्याही होतं.

परत गेलो तर त्याचं उत्तर ऐका: "तुम्ही पाण्यात टाकली ना? खारं पाणी लागलं की वॉरंटी संपते." बोटीची मोटर! नंतर नंबर ब्लॉक. गाळ्याला दुसऱ्याच कुणाचं कुलूप.

पोलीस ठाण्यात आधी "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" असं झालं. दोन एचपीचं इंजिन नामांकित कंपनीचा स्टिकर चिकटवून पाच म्हणून विकणं हा नुसता व्यवहारातला वाद कसा, हे जाहिरातीचे स्क्रीनशॉट, बिल आणि ठशाचे फोटो समोर ठेवून समजावलं, तेव्हा लेखी अर्ज घेतला. जुन्या ४२० ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ ने घेतली आहे, अर्जात तोच आकडा घाला. ऑनलाइन पाठवलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं, उशीर झाला की हाती काही लागत नाही. आमचं टोकन तेवढ्यात निघून गेलं होतं, आणि रोख रकमेचा तर पुरावाच बिल.

ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र वाटतो तेवढा अवघड नाही. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंद केली होती, तीही जोडली. मोटर मात्र उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. टोपी, स्टिकर, तेलाची बाटली, सगळं जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण पुरावा तोच.

आणखी एक. "हवेच्या बोटीला कसलं रजिस्ट्रेशन, बिनधास्त फिरा" हेही त्यानेच सांगितलं होतं. मोटर लागली की ती यांत्रिक बोट झाली, आणि अशा बोटींच्या नोंदणीसाठी २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आहे. मोटर घेण्याआधी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे विचारून घ्या. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला ठाणे खाडीचा पट्टा तर फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिकडे हौसेची मोटर घेऊन जायचा विषयच सोडा.

निळं पिंप, "पार्टनर वाशीला" आणि ८४६७ चं बिल, हे तिन्ही ज्यांना ओळखीचं वाटत असेल त्यांनी आपलं बिल जपून ठेवा आणि खाली कळवा. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि आमची सुनावणी अजून सुरू व्हायची आहे.