लष्करी लिलावातली जिप्सी: वर्षभर चालवल्यानंतर

लष्कराने मोडीत काढलेली मारुती जिप्सी, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शनवाली), १२९८ सीसी. घेऊन वर्ष होत आलं. इंजिनाबद्दल तक्रार शून्य. फौजेत सर्व्हिसिंग चोख होतं. गाडीची वाट लागते ती नंतर, लिलावाच्या आवारात उन्हापावसात उभी राहून. त्यामुळे झीज कमी आणि गंज जास्त, हे धरूनच बिघाड शोधायला लागा.

सुरुवातीला सेल्फ कण्हायचा, हेडलाइट पिवळट. गॅरेजवाल्याचा सल्ला: सेल्फ आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) दोन्ही बदला. त्याआधी मल्टिमीटर लावला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन ब्लॉकला, आणि सेल्फ मारला. अर्थची जोडणी चांगली असेल तर ०.२ व्होल्टच्या आत दिसायला हवं, इथे एकाच्या वर! अर्थची पट्टी उघडली तर लगखाली (टोकाच्या कडीखाली) रंगाचे थरावर थर, करंट जाणार कुठून. पॉलिश पेपरने लखलखीत पत्रा काढला, नवी पट्टी आवळली, वर व्हॅसलीन. सेल्फ जुनाच आहे आणि चार्जिंग १४ व्होल्ट दाखवतंय.

तरी चार दिवस उभी ठेवली की बॅटरी बसायचीच. मायनसच्या वायरीत मीटर सिरीजमध्ये टाकला: सगळं बंद असताना ३०० मिलिअँपिअर. एकेक फ्यूज काढून पाहिला, फरक नाही. शेवटी सापडला कॉन्व्हॉय लाइट. मागच्या डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याच्या) पांढऱ्या रंगवलेल्या गोळ्यावर उजेड टाकणारा तो छोटा दिवा. काळोखात मागच्या गाडीला तेवढंच दिसावं म्हणून. त्याची वायर चेसिसला घासून सोलली होती, चिखल बसला की करंट गळायचा. वायर कापून टोक बंद केलं, गळती ३० मिलिअँपिअरपर्यंत उतरली. अशी गाडी घेणाऱ्याने या जादा वायरिंगपासूनच सुरुवात करावी. साध्या जिप्सीच्या वायरिंग नकाशात ते सापडत नाही, आणि आपला नेहमीचा वायरमन तिकडे बघतही नाही.

पसरणी घाटात चढावर दम तोडायची, सपाटीला ठणठणीत. टाकीत गंज, फिल्टर चोंदलेला. टाकी उतरवून धुतली, पंपाची जाळी बदलली, विषय संपला.

साठच्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरायचं. यावर लोक आधी टायर बदलतात, मग डँपर, मग देव पाण्यात ठेवतात. पुढचं चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा आणि कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंगपिन (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती). माझं किंगपिन निघालं. किंगपिनचे बेअरिंग नवे, शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) मोजून बसवल्या. आता हात सैल सोडला तरी सरळ जाते.

रंगाचं तेवढं बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, त्यामुळे आरटीओ पासिंगआधी रंग बदलावाच लागतो. छताची ताडपत्री अजून गळते. पुढच्या पावसाळ्याआधी नवी शिवून घेणार.