राज्यकारभाराचं इंग्रजी: तयार यादी पाठ करावी की दोन भाषांतला मजकूर जोडून वाचावा?

कोल्हापुरात राज्यसेवेची, कायद्याची किंवा पत्रकारितेची तयारी करणारी बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात. राज्यशास्त्र त्यांना येतं. राज्यपाल काय करतो, विधान परिषद कशासाठी, पक्षांतरबंदी म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. अडतं ते इंग्रजीत लिहिताना. मग प्रश्न येतो की शब्द वाढवायचे कसे. पर्याय बरेच सांगितले जातात, पण त्यांत खरे दोनच. पहिला म्हणजे तयार शब्दयादी, मग ती पुस्तकातली असो, क्लासच्या नोट्समधली असो की मोबाईलवरच्या फ्लॅशकार्डच्या अ‍ॅपमधली. दुसरा म्हणजे एकाच विषयावरचा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून वाचणं. त्याला मी सोयीसाठी जोडवाचन म्हणतो. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

आधी यादीची बाजू, कारण ती कमकुवत नाही. ऑटोक्रसी (एकाची सत्ता), प्लुटोक्रसी (धनिकांची सत्ता), ऑलिगार्की (मोजक्यांचं राज्य), अ‍ॅनार्की (अराजक) असे शब्द वर्तमानपत्रात रोज येत नाहीत. ते वाचनातून भेटायची वाट बघत बसलं तर वर्ष जाईल. यादीत ते एका पानावर मिळतात, आणि 'क्रसी' म्हणजे सत्ता, 'आर्की' म्हणजे राज्य एवढं एकदा कळलं की दहाबारा शब्द एका बैठकीत बसतात. 'जेरीमँडरिंग'चंही तसंच. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात १८१२ साली मतदारसंघाच्या सीमा सोयीने वळवल्या गेल्या, नकाशावर एका मतदारसंघाचा आकार सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यासारखा दिसला, आणि गेरीला ते शेपूट जोडलं गेलं. हे यादीत चार ओळींत कळतं. परीक्षा तीन आठवड्यांवर असेल आणि समानार्थी-विरुद्धार्थी एवढंच विचारणार असतील, तर सरळ यादी घ्या. दिवसाला वीस नवे शब्द, आदल्या दिवशीच्या वीसची उजळणी, आणि रविवारी नवीन काही नाही. वीसच्या वर गेलात की आठव्या-नवव्या दिवशी उजळणीचा ढीग साचतो आणि माणूस अ‍ॅप उघडायचंच टाळतो.

आता यादीतली जी गोष्ट मला सलत राहिली आणि जिच्यामुळे माझा कल ठरला, ती सांगतो. यादी नामं शिकवते, क्रियापदं शिकवत नाही. आणि राज्यकारभाराचं इंग्रजी अडतं ते क्रियापदांवरच.

आपलं 'मांडणे' घ्या. विधेयक मांडलं, ठराव मांडला, अर्थसंकल्प मांडला, अहवाल मांडला, प्रश्न मांडला. मराठीत पाच ठिकाणी एकच क्रियापद आणि कुठेही खटकत नाही. इंग्रजीत विधेयक 'इंट्रोड्यूस' होतं, ठराव 'मूव्ह' होतो, अर्थसंकल्प 'प्रेझेंट' होतो, अहवाल 'ले ऑन द टेबल' होतो आणि प्रश्न 'रेझ' होतो. यादीत 'बिल म्हणजे विधेयक', 'मोशन म्हणजे प्रस्ताव' हे बिनचूक दिलेलं असतं. ते पाठ केलेला मुलगा लिहितो, 'द मिनिस्टर पुट द बिल'. शब्द येतो, वाक्य येत नाही. भरीला 'टेबल' हे क्रियापद आहेच. भारतात आणि ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ सभागृहापुढे ठेवणं, तर अमेरिकेत तोच शब्द विषय बाजूला सारण्यासाठी वापरतात. यादी करणाऱ्याने कुठला अर्थ उचलला आहे, ते यादी बघून कळत नाही.

दुसरीकडून बघितलं तरी तेच. विधेयक बारगळलं म्हणजे 'लॅप्स' झालं, फेटाळलं गेलं म्हणजे 'रिजेक्ट' किंवा 'डिफीट' झालं, मागे घेतलं म्हणजे 'विथड्रॉ' केलं. सरकार पडतं तेव्हा 'फॉल', उमेदवार पडतो तेव्हा 'लूज'. 'पडणे'ला एकच इंग्रजी शब्द शोधणारा इथे हमखास फसतो.

नामांतसुद्धा एकास एक जोडी लावायची खोड नडते. 'जागा' हा शब्द बघा. विधानसभेची जागा 'सीट', नोकरीतली जागा 'पोस्ट', भरायची राहिलेली जागा 'व्हेकन्सी'. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे २६ जुलै १९०२चा शाहू महाराजांचा हुकूम. मराठीत आपण 'पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या' असं सहज म्हणतो. इंग्रजी हुकुमात मात्र शब्द 'व्हेकन्सीज' आहे, म्हणजे त्या तारखेनंतर रिकाम्या होणाऱ्या जागा. तिथे 'पोस्ट्स' लिहिलं तर आधीपासून कामावर असलेल्यांच्या जागाही मोजल्या गेल्या असा अर्थ निघतो. एका शब्दाने हुकुमाचा व्याप बदलतो, आणि यादी तिन्हींपुढे 'जागा' लिहून मोकळी होते.

'खंडपीठ' तर कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षं घोषणेत म्हटलेला शब्द. १८ ऑगस्ट २०२५ला इथे सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं काम सुरू झालं ते 'सर्किट बेंच' म्हणजे फिरतं पीठ म्हणून. पण मराठी बातमीत दोन न्यायमूर्तींनी एकत्र बसून निकाल दिला तरी 'खंडपीठाने' असंच छापून येतं, आणि तिथे इंग्रजीत 'डिव्हिजन बेंच' हवं असतं. कायमस्वरूपी खंडपीठ म्हणजे 'पर्मनंट बेंच'. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१मध्ये कायम खंडपीठाची तरतूद एका पोटकलमात आहे, आणि मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने ठरवलेल्या इतर ठिकाणी न्यायाधीशांनी बसण्याची तरतूद वेगळ्या पोटकलमात. तिथे क्रियापद आहे 'सिट'. ते एकदा नीट बघितलं की सभागृहाची 'सिटिंग' आणि विद्यमान आमदारासाठीचं 'सिटिंग एमएलए' हेही त्याच ओळीत येऊन बसतात.

यादीची आणखी एक अडचण म्हणजे त्यांतल्या बऱ्याच बाहेरच्या पुस्तकांवरून उतरलेल्या असतात. 'गव्हर्नर'पुढे निवडून आलेला प्रमुख असं दिलेलं असतं. ते अमेरिकेत खरं, पण आपल्याकडे राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेत 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणजे परराष्ट्रमंत्री, ब्रिटनमध्ये 'होम सेक्रेटरी' म्हणजे मंत्री, आणि आपल्याकडे होम सेक्रेटरी म्हणजे अधिकारी. आपला 'मिनिस्टर ऑफ स्टेट' म्हणजे राज्यमंत्री, मग तो केंद्रात असला तरी. 'इम्पीच' म्हणजे पदावरून काढणे, हीसुद्धा नेहमी दिसणारी चूक. अमेरिकेत इम्पीच होणं म्हणजे प्रतिनिधीगृहाने आरोप ठेवणं. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असं दोनदा ते झालं आणि दोन्ही वेळा सिनेटमध्ये ते सुटले. आपल्या संविधानात 'इम्पीचमेंट' आहे ते कलम ६१मध्ये, राष्ट्रपतींसाठी. न्यायाधीशांबाबत कलम १२४(४)मध्ये क्रियापद 'रिमूव्ह' आहे. बातम्यांत दोन्हीला महाभियोग म्हणतात ते चालून जातं, पण परीक्षेच्या उत्तरात फरक दाखवता आला तर तपासणाऱ्याला विषय येतो हे कळतं.

जोडवाचनात हे असे अपघात कमी होतात, कारण शब्द आपल्या जागी बसलेला दिसतो. माझी पद्धत अशी. रोज चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. विषय एकच, उदाहरणार्थ विधिमंडळाच्या अधिवेशनाची बातमी. मराठी बातमी आधी वाचायची, म्हणजे घडलं काय ते डोक्यात पक्कं होतं आणि इंग्रजी वाचताना लक्ष भाषेवर राहतं. मग इंग्रजी बातमी. पेन्सिलीने सुटा शब्द अधोरेखित करायचा नाही, क्रियापद आणि नाम अशी जोडी करायची, सोबतचं शब्दयोगीही घ्यायचं. 'असेंट' (विधेयकाला संमती) एवढंच लिहून उपयोग नाही, 'गिव्ह असेंट टू अ बिल' लिहायचं. तसंच 'अ‍ॅब्स्टेन फ्रॉम व्होटिंग', 'प्रिसाइड ओव्हर द हाऊस', 'अकाउंटेबल टू द लेजिस्लेचर'. 'कंटेस्ट'च्या पुढे 'इलेक्शन' थेट येतं, मध्ये काही लागत नाही.

वहीत चार रकाने आखायचे. मराठी वाक्प्रयोग, इंग्रजी वाक्प्रयोग, कोण करतो, आणि कुठे वाचलं ती तारीख. तिसरा रकाना लोक गाळतात, आणि खरं काम तोच करतो. सभागृह 'अ‍ॅडजर्न' पीठासीन अधिकारी करतात, 'प्रोरोग' राज्यपाल करतात, 'डिझॉल्व्ह'ही राज्यपालच, पण ते फक्त विधानसभेचं. विधान परिषद विसर्जित होत नाही. कलम १७४ एकदा या नजरेने वाचलं की तहकुबी, सत्रसमाप्ती आणि विसर्जन यांची पुन्हा गल्लत होत नाही. दिवसाला आठ ते दहा जोड्या पुरतात. दुसऱ्या दिवशी इंग्रजी रकाना कागदाने झाकायचा आणि मराठीवरून पाच पूर्ण वाक्यं लिहायची. वाक्य लिहिलं नाही तर ही वहीसुद्धा शेवटी यादीच होते.

खर्च फारसा नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून चालू आहे. अशा एखाद्या वाचनालयाची वर्गणी भरली की दोन्ही भाषांतल्या वाचनाची सोय होते. संविधानाच्या इंग्रजी आणि मराठी प्रती सरकारी संकेतस्थळांवर मोफत मिळतात. शंका आली तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेतच.

जोडवाचनाला खोट नाही असं नाही. पहिली म्हणजे मराठी बातमी शब्दाला सैल असते. जीआरला सर्रास अध्यादेश म्हटलं जातं. जीआर म्हणजे 'गव्हर्नमेंट रिझोल्यूशन', मराठीत शासन निर्णय, आणि तो विभागातून निघतो. अध्यादेश म्हणजे 'ऑर्डिनन्स'. तो कलम २१३खाली, विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपाल काढतात, आणि सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. बातमीच्या भरवशावर वहीत 'जीआर म्हणजे ऑर्डिनन्स' लिहिलं तर ते पुसायला फार वेळ लागतो. म्हणून कायद्याशी संबंधित जोडी बातमीवरून उतरवू नका, मूळ कलमावरून किंवा कोशावरून तपासून घ्या. 'स्थगन' आणि 'स्थगिती' हीही अशीच फसवी जोडी. स्थगन प्रस्ताव म्हणजे 'अ‍ॅडजर्नमेंट मोशन', ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून तातडीच्या विषयावर चर्चा घ्या अशी मागणी. स्थगिती म्हणजे 'स्टे', ती न्यायालय देतं किंवा सरकार.

दुसरी खोट इंग्रजी बातमीची. मथळ्यांतली भाषा वेगळी असते. 'नॉड' म्हणजे मंजुरी, 'रो' म्हणजे वाद, 'प्रोब' म्हणजे चौकशी. हे शब्द ओळखता आले पाहिजेत, पण निबंधात किंवा अर्जात वापरू नयेत. मी वहीत अशा शब्दांपुढे फुली मारतो. फुली असलेला शब्द वाचायचा, लिहायचा नाही.

तिसरी म्हणजे वेग. पहिले दोन आठवडे यादीवाला मित्र पुढे गेलेला दिसेल, कारण त्याचे शब्द मोजता येतात. माझ्या अनुभवात फरक दिसायला महिना-सव्वा महिना लागतो. यादीतला शब्द समोर आला की ओळखू येतो, लिहायला बसलं की हाताशी येत नाही. जोडीने शिकलेला शब्द सोबत क्रियापद घेऊनच येतो. प्रत्येकाची स्मरणशक्ती वेगळी, त्यामुळे तुमचा हिशेब थोडा इकडेतिकडे होऊ शकेल. तरीही ज्याला इंग्रजीत चार वाक्यं लिहायची आहेत, मग ते उत्तर असो, बातमी असो की निवेदनाचा अनुवाद, त्याने जोडवाचन धरावं आणि 'क्रसी', 'आर्की'वाल्या शब्दांसाठी यादीची आठदहा पानं बाजूला ठेवावीत, असं मला वाटतं.

सुरुवात दिल्लीपासून करू नका, महापालिकेपासून करा. विषय ओळखीचा असला की निम्मं काम झालेलं असतं. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक आला, तेव्हापासूनच्या बातम्या चाळल्या तर 'कमिशनर', 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' यांतला फरक आपोआप कळतो. हद्दवाढीला 'एक्स्टेन्शन ऑफ म्युनिसिपल लिमिट्स' म्हणतात. नगरसेवकाला बातमीत 'कॉर्पोरेटर' म्हणतात, महापालिकांच्या कायद्यात मात्र 'कौन्सिलर' आहे, आणि कायद्यावर लिहिताना तोच वापरावा. कलम २४३क्यूमधला 'म्युनिसिपॅलिटी' हा शब्द नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका या तिन्हींना मिळून आहे, आपल्या बोलण्यातल्या नगरपालिकेइतका अरुंद नाही. २०२२ साली इचलकरंजीची नगरपरिषद जाऊन महापालिका झाली, त्या बातम्या या फरकासाठी वाचण्यासारख्या आहेत. त्यानंतर सर्वसाधारण सभेची बातमी घ्या. सर्वसाधारण सभा 'जनरल बॉडी मीटिंग', विषयपत्रिका 'अजेंडा', उपसूचना 'अमेंडमेंट', सभात्याग 'वॉकआउट', इतिवृत्त 'मिनिट्स'. आणि मागच्या सभेचं इतिवृत्त 'कायम करणे' याला 'मेक पर्मनंट' लिहायचं नाही, तिथे क्रियापद 'कन्फर्म' आहे.