प्रिझम बारची जोडी: ४० पर्यंत उत्तम, पुढे सुटे प्रिझम हवेतच

तिरळेपणा मोजायला ॲक्रिलिकच्या प्रिझम बारची आडवी-उभी जोडी घ्यावीच. प्रिझम म्हणजे प्रकाश वळवणारा पाचरीसारखा तुकडा; बार म्हणजे चढत्या ताकदीच्या अशा तुकड्यांची पट्टी, प्रत्येक तुकडा एक पायरी. आडवा तिरळेपणा मोजणारा बार साधारण १ ते ४० प्रिझम डायॉप्टर (प्रिझम प्रकाश किती वळवतो त्याचं माप), उभा मोजणारा २५ पर्यंत. समोर चुळबुळ करणारं मूल असेल तर सुटे प्रिझम एकेक उचलण्यापेक्षा बार वर-खाली सरकवणं कितीतरी सोपं जातं.

नवा बार आला की आधी तपासून घ्या. भिंतीपासून १ मीटरवर २० ची पायरी धरली, तर भिंतीवरची उभी रेघ २० सेंटिमीटर सरकलेली दिसली पाहिजे.

आकडे चुकतात ते बहुतेक वेळा धरण्यामुळे. बारची सपाट बाजू पेशंटकडे आणि चेहऱ्याला समांतर हवी. बार तिरका झाला की मोठ्या पायऱ्यांवर फरक लगेच जाणवतो. काचेच्या प्रिझमचा नियम वेगळा आहे: ४० चा काचेचा प्रिझम ॲक्रिलिकसारखा धरला तर परिणाम जेमतेम ३२ चा मिळतो. एकाच खोलीत दोन्ही प्रकार असतील तर हे पक्कं लक्षात ठेवावं.

डोळा आत वळत असेल तर बेस (प्रिझमची जाड कड) कानाकडे, बाहेर वळत असेल तर नाकाकडे. चष्मा घालूनच, ६ मीटर आणि ३३ सेंटिमीटरवर, बारीक अक्षराकडे किंवा चित्राकडे बघायला लावून मोजा. ऑक्लुडर (डोळा झाकायचं साधन) एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद ठेवून थेट दुसऱ्यावर न्या. मध्ये दोन्ही डोळे उघडे राहिले की पेशंट नजर जुळवून घेतो आणि आकडा कमी येतो. उघडलेला डोळा हलायचा थांबेपर्यंत पायरी वाढवत न्या; थांबेल ती पायरी म्हणजे उत्तर. चष्म्याचा नंबर मोठा असेल तर आणखी एक भानगड: मायनसमध्ये तिरळेपणा जास्त मोजला जातो, प्लसमध्ये कमी. मायनस १० ला हा फरक जवळपास पाव भागाचा!

बारची खरी उणीव २० नंतर दिसते. पायऱ्या पाच-पाचच्या होतात. २५ ला डोळा अजून हलतोय आणि ३० ला उलटा फिरतोय, तर उत्तर मधलं कुठलंतरी. तेव्हा दोन्ही आकडे लिहावेत. ४० च्या पुढे एकाच डोळ्यावर दोन आडवे प्रिझम एकावर एक ठेवून आकड्यांची बेरीज करू नये, ती बरीच फसवते. दोन डोळ्यांत वाटून द्यावेत, चूक खूप कमी राहते. आडव्यावर उभा ठेवायला मात्र हरकत नाही.

पुसायला स्पिरिट नको, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे. पायऱ्यांच्या खाचांत मळ साचतो, तिथे मऊ ब्रश फिरवा.