मैनाच्या गळ्याखालचे दोन डाग

आमच्या मैना कुत्रीच्या गळ्याखाली दोन डाग आहेत. गोल, तुरीच्या डाळीएवढे, एकमेकांपासून दीडेक इंचावर. तिथले केस झडले होते, परत आले ते पांढरे आले. बाकी अंग बदामी, त्यामुळे तिने मान वर केली की आधी ते डागच दिसतात. "काकू, माझ्याकडे फक्त रिवॉर्ड बेस्ड. मारझोड नाही, आवाज चढवणं नाही," म्हणजे फक्त बक्षीस देऊन शिकवतो, असं सांगून कुत्री शिकवणाऱ्या एका माणसाने आमच्याकडून साडेपस्तीस हजार रुपये घेतले आणि कुत्री अशी परत केली. ग्वाल्हेरात अजून कुणाच्या घरी हे होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मैना कारवान जातीची. मुधोळ हाउंड म्हणतात तीच. नणंदेच्या सासरहून, लातूरकडून पिल्लू आणलं. वर्षाची झाली तेव्हा दाराबाहेर पट्टा सुटला की ती पसारच. मांढरेच्या मातेच्या टेकडीवर एकदा खार दिसली आणि ही दिसेनाशी झाली. मी कंपू भागापर्यंत ओरडत फिरले. शेवटी एका भिंतीवर उभी राहून ती माझ्याकडे बघत होती, एक कान वळवून. हाक ऐकू येत होती, यायचं मात्र नव्हतं. गोठीतले, म्हणजे आमच्या मराठी वस्तीतले, सगळे म्हणायचे, फार हट्टी आहे तुमची कुत्री.

आता कळतं की हट्टीपणा हा शब्दच चुकीचा होता. दख्खनच्या माळावर लांबून ससा हेरायचा आणि मालक मागे राहिला तरी स्वतःच्या अकलेने पाठलाग करायचा, यासाठी ही जात पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणली. परवानगीची वाट बघणाऱ्या कुत्र्याच्या हाती ससा लागला नसता. लॅब्रेडॉर शिकाऱ्याने पाडलेलं पाखरू उचलून त्याच्या हातात आणून देण्यासाठी घडवलेला, म्हणून त्याचं लक्ष माणसाकडे असतं. मैनाचं लक्ष क्षितिजाकडे. हे सहा महिने आधी कळलं असतं तर मी त्या माणसाच्या वाटेला गेले नसते.

तो भेटला गणपतीत. ओळखीच्यांच्या ओळखीतून घरी आला, सासूबाईंच्या पाया पडला, मराठीत बोलला. चार पिढ्या ग्वाल्हेरात राहिलेल्या आमच्यासारख्यांना घरात कुणी बाहेरचा मराठीत बोलला की कसं होतं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. वर म्हणाला, "मी टेकनपूरला होतो." टेकनपूर म्हणजे झाशी रोडवरची सीमा सुरक्षा दलाची अकादमी. तिथे 1970 पासून श्वानांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. या गावात त्या नावाला केवढा मान आहे! त्याने मोबाईलवर फोटो दाखवले, वर्दीतली माणसं आणि अल्सेशियन. मैनाला बिस्किट दाखवून बसवलं. आम्ही सगळे थक्क. पण बिस्किट नाकावरून मागे नेलं की बहुतेक कुत्र्यांचं बूड आपोआप टेकतं, त्याला एक मिनिट पुरतं. हे मला ठाऊक नव्हतं.

ठरलं असं: तीस दिवस मैना त्याच्याकडे मुरारच्या बाजूला राहणार. बत्तीस हजार. वीस आधी, आठ मध्ये, चार परत देताना. पावतीचा विषय मी काढला तर हे म्हणाले, आपल्या माणसाकडे पावती काय मागायची. आणि एक अट त्याची होती: महिनाभर भेटायला यायचं नाही. "तुम्ही दिसलात की तिचं चित्त उडेल, केलेलं सगळं पाण्यात जाईल." आम्हाला ते पटलं. नेमकं तिथेच उठून मैनाला घरी परत आणायला हवं होतं.

तीन दिवसांआड व्हिडिओ यायचे. मैना बसते, मैना आडवी होते, तो दहा पावलं लांब जातो तरी मैना हलत नाही. अकराव्या दिवशी गोचिडीचा ताप म्हणून रक्त तपासणीचे साडेतीन हजार मागितले. आम्ही पाठवले. रिपोर्ट आजतागायत आलेला नाही.

ते व्हिडिओ आजही माझ्याकडे आहेत. ज्यांची कुत्री अशी बाहेर शिकत असतील त्यांनी हे नीट वाचा. मैनाचे कान मागे चिकटलेले. शेपूट पोटाखाली. ती सारखी ओठ चाटते, जांभया देते, आणि हे कंटाळल्याचं लक्षण नाही, ताणाचं आहे. जो खाऊ देऊन शिकवतो त्याच्या चेहऱ्याकडे कुत्रं बघतं. मैना त्याच्या उजव्या खिशाकडे बघत होती, हात त्या खिशात होता. प्रत्येक व्हिडिओत तिच्या गळ्यात एक रुंद लाल रुमाल बांधलेला. मी उत्तरात लिहिलं होतं, "किती गोड दिसतेय रुमालात." बावीस वर्षं मुलांना शिकवते आहे. घाबरून गप्प बसलेलं मूल आणि शिकलेलं मूल यांतला फरक वर्गात मला क्षणात कळतो. इथे कळला नाही.

मैना परत आली ती पायाला पाय लावून चालत. सासूबाईंनी दृष्ट काढली. उरलेले चार हजार दिले, त्याने लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम केलं. बीप वाजला आणि मैना फरशीवर पालीसारखी चिकटली. तिच्याखाली लघवी पसरत गेली. डोळे उघडे, अंग थरथरतंय, तोंडातून आवाज नाही. पुढच्या आठवड्यात कळलं की वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, माझ्या मुलाचं घड्याळ, सगळ्याच बीपला हेच होतं.

डॉक्टरांनी रुमाल सोडला, अंगठ्याने केस बाजूला केले आणि म्हणाले, "शॉक कॉलर लावला होता. बराच वेळ, घट्ट." गळ्यातल्या पट्ट्यावर एक डबी, तिला धातूची दोन टोकं, माणसाच्या हातात रिमोट. अशा बऱ्याच पट्ट्यांत आधी बीप वाजतो, मग झटका बसतो. मैना काय शिकली? बीप झाला की दुखतं, आणि हललं नाही तर कदाचित दुखणार नाही. दहा पावलं लांबून न हलणारी आमची शहाणी कुत्री ती हीच.

फोन केला. आधी म्हणाला काटा लागला असेल. मग म्हणाला, "काकू, हट्टी जात आहे, तिला अल्फा कोण ते दाखवावं लागतं. थोडा करंट सगळेच देतात. रिवॉर्ड पण दिलाच ना!" त्यानंतर नंबर ब्लॉक. मुरारला गेलो तर भाड्याची पत्र्याची शेड, कुलूप.

या अल्फाबद्दल, म्हणजे कळपाच्या म्होरक्याबद्दल, थोडं सांगते, कारण हट्टी कुत्र्यांच्या मालकांना याच शब्दाने गाठतात. एकमेकांना अनोळखी लांडगे पिंजऱ्यात एकत्र ठेवून केलेल्या निरीक्षणांतून ही कल्पना आली. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या 1970 च्या पुस्तकाने ती पसरली. त्याच मेक यांनी रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून 1999 मध्ये लिहिलं की कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून नेता होण्याचा तिथे प्रश्नच नसतो. अमेरिकेतल्या पशुवर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट म्हटलं की सगळ्याच कुत्र्यांना बक्षिसाच्या पद्धतीनेच शिकवावं. हट्टी जातींना त्यातून वगळलेलं नाही. वेल्समध्ये तर हे विजेचे पट्टे 2010 पासून बंद आहेत.

आमच्या गल्लीमागे सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, स्वतः श्वान हाताळलेले. त्यांना प्रमाणपत्र दाखवलं. ते त्यांनी वाचलंसुद्धा नाही. विचारलं, "त्याने आपल्या कुत्र्याचं नाव सांगितलं का?" मी म्हटलं, नाही. "जो खरा हँडलर असतो तो स्वतःच्या आधी कुत्र्याचं नाव सांगतो." त्यांच्याकडूनच कळलं की टेकनपूरला आता मुधोळ आणि रामपूर हाउंडही तयार होतात. म्हणजे मैनाची जात शिकत नाही हेही खोटंच.

मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही घरीच सुरुवात केली, आणि बक्षिसाची पद्धत म्हणजे काय ते तेव्हा समजलं. पहिला महिना शिकवणं नाहीच. मोबाईलवर बीप रेकॉर्ड केला, दोन खोल्या पलीकडे, जेमतेम ऐकू येईल इतका हळू वाजवायचा, आणि लगेच उकडलेल्या कलेजीचा वाटाण्याएवढा तुकडा. बीप आधी, तुकडा नंतर, हा क्रम चुकवायचा नाही. ती थबकली तर आवाज आणखी कमी. सासूबाई कलेजीला हात लावत नाहीत, म्हणून त्या पनीर द्यायच्या, आणि त्यांच्याकडे मैना जास्त धीट व्हायची. दाराआडच्या मायक्रोवेव्हला न घाबरायला अडीच महिने लागले.

हाकेला येण्याचं निराळं. अशा कुत्र्याला खाऊ पुरत नाही, खार दिसली की कलेजीलाही ती विचारत नाही. तिला काय हवंय? पळायला हवंय. मग पळणंच बक्षीस. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी 1959 मध्ये हेच मांडलं: जे करायला आवडतं ते, कमी आवडीचं काम केल्याबद्दल देता येतं. आपल्याकडे आई म्हणायची, आधी पाढे मग अंगण. छातीला हार्नेस, दहा मीटरची दोरी. हाक एकदाच. मान वळली की त्याच क्षणी "शाब्बास", ती आली की काठीला बांधलेली चिंधी जमिनीवरून फरफटत पळवायची आणि तिला मनसोक्त पाठलाग करू द्यायचा. तीन मिनिटं, बस्स. आणि घरी जायच्या वेळी हाक मारायची नाही, आपण चालत तिच्याकडे जायचं, नाहीतर हाक म्हणजे मजा संपली असा अर्थ ती लावते. मी वर्षभर नेमकं तेच करत होते. आजही भर टेकडीवर मी तिची दोरी सोडत नाही. इतक्या वेगाच्या कुत्रीची हमी मी देत नाही, आणि कुणी तीस दिवसांत हमी देत असेल तर त्याला दारातच उभं करा.

शिकवणाऱ्याला एक सांगा: मी शेजारी बसून बघणार, पहिल्या दिवसापासून. खाऊ देऊन शिकवणाऱ्याला लपवण्यासारखं काही नसतं, उलट त्याला घरच्यांनाच शिकवायचं असतं, कारण पुढे हाक तुम्ही मारणार आहात. कुत्रं चुकलं तर काय करता, हे विचारा. आणि त्याच्या घरी गेलात तर त्याचं स्वतःचं कुत्रं त्याच्याजवळ कसं येतं ते बघा.

पैशाचं: वीस हजार आणि साडेतीन हजार यूपीआयने गेले होते, तेवढेच सिद्ध करता येतात. बारा हजार रोख गेले ते गेले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. व्हिडिओ, चॅट, डॉक्टरांचा कागद, सगळं जोडलं. पोलिसांत क्रूरतेची तक्रारही दिली. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हवालदाराने तो आकडा वाचून दाखवला तेव्हा मैना माझ्या पायाशी बसलेली होती. आयोगाची नोटीस दोनदा पत्ता सापडत नाही म्हणून परत आली, आता बँक खात्यावरून पत्ता मागवला आहे.

मागच्या महिन्यात ठाटीपूरच्या एका ओळखीच्या बाईंनी मला एक व्हिडिओ पाठवला. त्यांच्या हस्कीसाठी कुणीतरी ट्रेनर सुचवला होता, त्याने नमुना म्हणून पाठवलेला. नंबर नवा, नाव नवं. एक बदामी, लांब तोंडाची कुत्री बसते, आडवी होते, दहा पावलांवरून हलत नाही. गळ्यात रुंद लाल रुमाल आहे आणि ती उजव्या खिशाकडे बघते आहे. तुमच्या मोबाईलवर हा व्हिडिओ आला तर त्यातली कुत्री माझी आहे.