१५ किलोचा नवा नांगर: कोकण किनाऱ्यावरील एका हंगामाचा अनुभव

आमच्या ३३ फुटी शिडाच्या नौकेवरचा फाळाच्या आकाराचा जुना नांगर गेल्या ऑक्टोबरमध्ये काढला आणि त्याच्या जागी खोलगट पात्याचा, वर अर्धवर्तुळाकार दांडा असलेला १५ किलोचा नांगर बसवला. त्याला ४० मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर जोडला. मेपर्यंत जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड आणि मालवण येथे तो वापरल्यावर माझे मत पक्के झाले आहे, की या किनाऱ्याने प्रवास करणाऱ्याने नव्या शिडाआधी नांगरावर खर्च करावा.

याचे कारण इथल्या वाऱ्यातच आहे. रत्नागिरीहून विजयदुर्ग सुमारे २७ सागरी मैल. हिवाळ्यात पहाटे मतलई वाऱ्यावर निघाले, की सकाळ सरता सरता वारा पडतो, मधला काही वेळ इंजिनावर काढावा लागतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू झाल्यावर नौका दक्षिणेकडे उत्तम धावते. पण नांगर टाकण्याची वेळ येते तेव्हा नेमका हाच वारा दिवसातला सर्वांत जोरदार असतो.

विजयदुर्गात किल्ल्याला वळसा घालून वाघोटन खाडीत शिरले, की लाट किल्ल्याआड राहते आणि तळ चिखलाचा मिळतो. अशा तळावर हा नांगर कसाही पडला तरी वरच्या दांड्यामुळे सरळ होतो, टोक खाली रुततं आणि पाते आत शिरते. साखळी सोडून झाल्यावर इंजिन हळूहळू मागे चालवावे आणि बुरूज व त्यामागचे एखादे झाड एका रेषेत धरून ती रेषा हलत नाही ना, हे पाहावे. आमची फारशी हललेली नाही. खरी परीक्षा रात्री होते. ओहोटी लागली, की नौका पूर्ण फिरते आणि ओढ उलट दिशेने बसते. जुना नांगर अशा वेळी सुटून बराच घसरत असे, नवा जागीच वळून पुन्हा रुततो. ही निश्चिंत झोप मला त्याच्या किमतीपेक्षा मोलाची वाटते.

मात्र साखळीत काटकसर केल्यास उत्तम नांगरही टिकणार नाही. ओहोटीला चार मीटर पाणी, उधाणाच्या भरतीची अडीच मीटर वाढ आणि नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, एक मीटर उंची धरली, तर साडेसात मीटर होतात; साखळी त्याच्या पाचपट सोडायची, म्हणजे जवळजवळ सगळी बाहेर जाते. मग नौका मोठ्या घेऱ्यात फिरते, म्हणून मासेमारी नौकांची रात्रीची वाट कोणती, हे तिथल्या तांडेलांना आधी विचारावे.

उणिवाही आहेत. खोलगट पात्यात चिखलाचा मोठा गोळा अडकतो, हातरहाटाने तो उचलणे कष्टाचे होते आणि नांगर डेकवर घेण्याआधी बादल्यांनी धुवावा लागतो. खडकाळ तळावर तो धरत नाही, किंवा धरला तर फटीत अडकतो. म्हणून शंका असेल तिथे त्याच्या मागच्या टोकाला बोयाची दोरी बांधावी, म्हणजे उलट दिशेने ओढून सोडवता येतो. मालवणात सिंधुदुर्गाभोवती खडक आणि प्रवाळ दोन्ही आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले असून प्रवाळावर साखळी घासली गेल्यास भरून न येणारी हानी होते. त्यामुळे तिथे मी दूर, स्वच्छ वाळू दिसेल तिथेच थांबतो, मग किनारा गाठायला वल्ही कितीही मारावी लागोत.

हंगामाअखेर टोकावरचा जस्ताचा थर झिजलेला दिसला, तेव्हा पावसाळ्यात साखळीसह पुन्हा जस्तलेपन करून घेणार आहे.